बारा व्होल्टचे सव्वा व्होल्ट करताना: प्रोसेसरच्या व्हीआरएमचे घटक कसे निवडावेत

गिझरच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेले असते आणि त्याला जाड वायर लागते हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये त्याच्या आठ-दहापट प्रवाह नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये जातो, तोही एक-सव्वा व्होल्टवर. शिवाय हा प्रवाह स्थिर नसतो. एका मायक्रोसेकंदात तो २० अँपिअरवरून १२० वर जातो आणि तसाच खाली येतो. एवढे सगळे सांभाळून व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत ठेवणारी, प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीची घटकांची रांग म्हणजे व्हीआरएम (व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल).

घटक निवडताना बहुतेक जण डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा अँपिअरचा आकडा बघतात आणि फेज (प्रवाह वाटून घेणाऱ्या समांतर शाखा) मोजतात. त्या आकड्यांवरून फारसे काही ठरत नाही. भार अचानक सुटल्यावर चोकमधली (प्रत्येक फेजमधल्या तारेच्या वेटोळ्यातली) ऊर्जा कुठे जाणार, कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध किती आणि उष्णता बाहेर कशी पडणार, या तीन प्रश्नांवर निवड ठरते. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. आकडे तुमच्या प्रोसेसरप्रमाणे बदला, क्रम तोच ठेवा.

आधी कागद, मग डेटाशीट

सुरुवातीला पाच आकडे लिहून काढा: आत येणारे व्होल्टेज, प्रोसेसरचे व्होल्टेज, सतत चालणारा प्रवाह, क्षणिक कमाल प्रवाह आणि लोडलाइन. प्रोसेसरच्या खोक्यावरच्या वॅटवरून हे कळत नाही. कोअर आय९-१४९००के वर १२५ वॅट लिहिलेले असते, पण टर्बोची मर्यादा २५३ वॅट आहे, आणि इंटेलच्या नेहमीच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये कमाल प्रवाह ३०७ अँपिअर आहे. रायझन ९ ७९५०एक्सचा टीडीपी (खोक्यावरचा वॅटचा आकडा) १७० वॅट, पण सॉकेटमधून ओढण्याची मुभा २३० वॅट. व्हीआरएम या दुसऱ्या आकड्यांवर बेतायचे असते.

आपले उदाहरण मधल्या वर्गातले घेऊ. आत १२ व्होल्ट, बाहेर १.२ व्होल्ट, सतत १०० अँपिअर, क्षणिक १५०, लोडलाइन १.१ मिलीओहम.

लोडलाइन म्हणजे प्रवाह वाढेल तसे व्होल्टेज मुद्दाम खाली येऊ देणे. १५० अँपिअरला १.१ मिलीओहमने गुणले की १६५ मिलीव्होल्ट येतात, म्हणजे पूर्ण भारावर प्रोसेसरला १.०३५ व्होल्टच मिळणार. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा दोष वाटतो, पण ही सोय आहे. भार सुटल्यावर व्होल्टेज वर उसळते. ते आधीच खाली असेल तर उसळायला जागा मिळते. बायोसमध्ये लोडलाइन कॅलिब्रेशन टोकाला नेऊन ही घसरण पूर्ण मारणारे लोक भार सुटतानाची उसळी थेट प्रोसेसरच्या माथी मारतात. सॉफ्टवेअरमधल्या व्होल्टेजच्या आकड्यात ती उसळी दिसत नाही, ऑसिलोस्कोपवर दिसते.

आत येणारी बाजूही आत्ताच तपासा. १५० × १.२ = १८० वॅट, त्यात व्हीआरएमचे सुमारे २० वॅट नुकसान धरले की १२ व्होल्टवर साधारण १७ अँपिअर होतात. चार पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या दोनच पिना असतात, म्हणजे प्रत्येकीवर साडेआठ अँपिअर. नेहमीच्या पिनेला सुमारे ७ अँपिअर धरावेत. त्यामुळे इथे आठ पिनांचा कनेक्टर हवाच. चार पिनांवर मशीन चालू होईल, काही महिने चालेलही, आणि मग कनेक्टरचे प्लास्टिक पिवळे पडू लागेल.

फेज किती, वारंवारता किती

एका फेजवर क्षणिक २५ अँपिअर आणि सतत १५ ते १७ अँपिअर हा आकडा हाताळायला सोपा. त्याने सहा फेज येतात. वारंवारता ५०० किलोहर्ट्झ. डेस्कटॉप बोर्डात ३०० ते ६०० ही नेहमीची कक्षा. वारंवारता वाढवली की चोक आणि कॅपॅसिटर लहान होतात, पण मॉस्फेटचे, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, उघडझाप करतानाचे (स्विचिंग) नुकसान त्याच प्रमाणात चढते. जागेची ओढाताण असलेल्या लॅपटॉपमध्ये तो सौदा परवडतो, डेस्कटॉपमध्ये सहसा नाही.

खोक्यावर १६ फेज लिहिले असले तरी कंट्रोलरमधून खरोखर किती पीडब्ल्यूएम (चालू-बंदचा हुकूम देणाऱ्या) रेषा निघतात ते बघा. आठ रेषा असतील तर दोन शक्यता असतात. एक, डबलर: एक रेषा आळीपाळीने दोन पॉवर स्टेजना (ड्रायव्हर आणि दोन मॉस्फेट एकत्र असलेल्या भागांना) दिली जाते. दुसरी, जोडी: तीच रेषा एकाच वेळी दोघींना. जोडीमध्ये रिपल (प्रवाहातला चढ-उतार) आठ फेजइतकाच राहतो. डबलरमध्ये रिपल कमी होतो, पण सिग्नलला थोडा उशीर लागतो. उष्णता विभागली जाणे हा फायदा दोन्हीत खरा आहे, त्यामुळे याला फसवणूक म्हणण्याचे कारण नाही. मात्र हिशेबात फेजचा खरा आकडा घालायचा.

चोक

ड्यूटी म्हणजे १.२ भागिले १२, अर्थात ०.१. वरचा मॉस्फेट (१२ व्होल्टकडचा; खालचा ग्राउंडकडचा) दर दोन मायक्रोसेकंदांत फक्त २०० नॅनोसेकंद चालू असतो. फेजच्या कमाल प्रवाहाच्या ४० टक्के, म्हणजे १० अँपिअर रिपल धरा.

चोक = (१२ − १.२) × ०.१ ÷ (५०० किलोहर्ट्झ × १० अँपिअर) = ०.२१६ मायक्रोहेन्री.

बाजारात ०.२२ मिळतो, तो घ्या. रिपल ९.८ अँपिअर येतो, म्हणजे चोकमधला शिखरप्रवाह २५ + ४.९, जवळजवळ ३० अँपिअर. सहा फेजचे रिपल एकमेकांना बरेच खोडतात. कॅपॅसिटरपर्यंत पोहोचतो तो साडेचार अँपिअरपेक्षा थोडा कमी, आणि तोही ३ मेगाहर्ट्झवर.

चोकच्या डेटाशीटवर दोन प्रवाह असतात. एक तापमानवाढीचा, दुसरा सॅच्युरेशनचा, म्हणजे ज्याच्या पुढे इंडक्टन्स ढासळते तो. दुसरा १०० अंश सेल्सिअसवर किती राहतो ते बघा, कारण फेराइटचे सॅच्युरेशन तापल्यावर खाली येते आणि एकदम येते: एका मर्यादेपर्यंत इंडक्टन्स जागेवर, मग कडेलोट. धातूच्या भुकटीचे साचेबंद चोक हळूहळू उतरतात, म्हणून चुकीला माफ करतात. पण त्यांचे कोअर नुकसान सहसा जास्त असते. आपल्या प्रवाह-संरक्षणाची मर्यादा फेजमागे साधारण ४० अँपिअर येईल, त्यामुळे गरम अवस्थेत किमान ४५ अँपिअर सॅच्युरेशनचा चोक घ्यावा. संरक्षण जागे होण्याआधी चोक सॅच्युरेट झाला, तर प्रवाह सरळ वर झेपावतो आणि मॉस्फेट जातो. मागून तपासणारा मॉस्फेटला दोष देतो.

तारेचा रोध ०.२९ मिलीओहमच्या आसपासचा निवडा. २५ अँपिअरवर नुकसान ०.१८ वॅट. हा रोध फार कमी घेण्याचाही मोह नको, कारण प्रवाह मोजायला अनेकदा त्याचाच उपयोग होतो. ते पुढे येईल.

मॉस्फेट आणि पॉवर स्टेज

वरच्या आणि खालच्या मॉस्फेटचे काम इतके वेगळे आहे की एकच भाग दोन्हीकडे वापरणे म्हणजे दोन्हीकडे नुकसान. वरचा दहा टक्के वेळ चालू, पण १२ व्होल्ट आणि २५ अँपिअर एकत्र अंगावर घेऊन उघडझाप करतो. त्याला गेट-ड्रेन चार्ज कमी हवा, गेटचा अंतर्गत रोध कमी हवा. खालचा नव्वद टक्के वेळ वाहतो, त्याला फक्त चालू अवस्थेतला रोध कमी हवा.

आकडे घालून बघू. खालचा १.५ मिलीओहमचा. गरम झाल्यावर रोध साधारण १.४ पट, म्हणजे २.१. त्यातून जाणारा आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाने परिणामी) प्रवाह २३.७ अँपिअर, नुकसान १.१८ वॅट. वरचा ५ मिलीओहमचा, गरम ७, आरएमएस प्रवाह ७.९, नुकसान ०.४४ वॅट. चढ-उतार मिळून १५ नॅनोसेकंद धरले तर त्याचे स्विचिंग नुकसान:

½ × १२ × २५ × १५ नॅनोसेकंद × ५०० किलोहर्ट्झ = १.१३ वॅट.

वाहण्याच्या नुकसानाच्या अडीचपट. म्हणूनच वरच्या जागी २ मिलीओहमचा 'भारी' मॉस्फेट लावला की बोर्ड जास्त तापतो. रोध कमी करायचा तर सिलिकॉन मोठे लागते, सिलिकॉन मोठे की गेट चार्ज मोठा, आणि उघडझाप मंद. दुरुस्तीत हा घोटाळा वरचेवर होतो: जळालेल्या वरच्या मॉस्फेटच्या जागी हाताशी असलेला खालचा बसवला जातो, मशीन चालू होते, आणि तीच फेज पंधरा-वीस अंशांनी जास्त गरम राहते.

बाकीचे नुकसानही लिहा. दोन्ही मॉस्फेट बंद असण्याचा काळ दर वेळी २० नॅनोसेकंद धरला तर खालच्याच्या अंगभूत डायोडमध्ये ०.४ वॅट जातात. गेट चालवायला ०.०८, चोकमध्ये ०.१८. एका फेजचे एकूण ३.४ वॅट, सहांचे १५० अँपिअरवर सुमारे २० वॅट. सतत चालणाऱ्या १०० अँपिअरवर फेजमागे १.९, एकूण साडेअकरा. चोकचे कोअर नुकसान यात धरलेले नाही, ते उत्पादकाच्या आलेखावरून वाढवून घ्या.

व्होल्टेजची क्षमता १२ व्होल्टच्या दुप्पट तरी हवी, म्हणजे २५ किंवा ३० व्होल्ट. स्विच नोडवर (दोन्ही मॉस्फेट आणि चोक जिथे मिळतात तिथे) प्रत्येक चढावाला झणझण उठते आणि शिखर सहज २० व्होल्टच्या पुढे जाते.

सुटे मॉस्फेट आता नव्या डिझाइनमध्ये कमी दिसतात. ड्रायव्हर, वरचा आणि खालचा एकाच पाकिटात बसवलेले पॉवर स्टेज घ्यावेत, हेच आमचे मत. या पद्धतीचे ड्रमॉस हे तपशीलपत्रक इंटेलने २००४ साली आणले. सुटे मॉस्फेट लावले की ड्रायव्हर ते गेट हा ट्रॅक लांब होतो, त्यात इंडक्टन्स येते, आणि स्विच नोड झपाट्याने वर जाताना खालच्याचे गेट नकळत उचलले जाते. दोन्ही एकदम चालू म्हणजे १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला. सुटेच वापरायचे असतील तर खालच्याचा गेट-ड्रेन चार्ज त्याच्या गेट-सोर्स चार्जपेक्षा कमी असलेला भाग निवडा.

पॉवर स्टेजवर ६० किंवा ९० अँपिअर छापलेले असते. हा आकडा आदर्श थंडाव्यातला असतो. डेटाशीटमध्ये खाली जाऊन नुकसानाचा आलेख शोधा: १२ व्होल्ट आत, तुमच्या जवळचे व्होल्टेज बाहेर, तुमची वारंवारता. २५ अँपिअरवर किती वॅट, एवढेच वाचा. आपल्या फेजसाठी ५० ते ६० अँपिअर छापलेला स्टेज योग्य ठरतो.

बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर (वरच्या मॉस्फेटचे गेट चालवायला वीज पुरवणारा) ०.१ ते ०.२२ मायक्रोफॅरड, आणि त्याच्याशी एकसर एका रोधाची जागा बोर्डावर ठेवाच. सुरुवातीला १ ओहम बसवा. झणझण जास्त असेल तर २.२ करा, वरचा मॉस्फेट थोडा सावकाश चालू होतो आणि शिखर उतरते. स्नबरसाठी (झणझण शोषणाऱ्या रोध-कॅपॅसिटर जोडीसाठी) १ नॅनोफॅरड आणि १ ते २.२ ओहम. त्यात फेजमागे ०.०७ वॅट जातात, तेवढे परवडते.

आतल्या बाजूचे कॅपॅसिटर

सहा फेज आळीपाळीने ओढतात, त्यामुळे आतल्या कॅपॅसिटरवरचा आरएमएस प्रवाह एकूण प्रवाहाच्या ०.०८२ पट येतो: १५० अँपिअरवर १२.२, १०० वर ८.२. हेच काम एका फेजने केले असते तर ४५ अँपिअर लागले असते. फेज वाढवण्याचा हा फायदा कुणी फारसा बोलून दाखवत नाही, पण तो मोठा आहे.

२७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे पॉलिमर कॅपॅसिटर नेहमी मिळतात आणि त्यांची रिपल क्षमता ५ अँपिअरच्या आसपास असते. चार घ्या. त्यांच्या जोडीला प्रत्येक फेजच्या वरच्या मॉस्फेटला अगदी चिकटून २२ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन सिरॅमिक. सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज आले की त्याची क्षमता घटते. लहान आकाराच्या, १६ व्होल्टच्या भागावर १२ व्होल्ट पडले तर २२ चे एक तृतीयांश उरणेही नवल नाही. म्हणून २५ व्होल्टचा आणि शक्य तितका मोठा आकार. उत्पादकाचा क्षमता-व्होल्टेज आलेख न बघता सिरॅमिक निवडू नये.

बाहेरच्या बाजूचे कॅपॅसिटर

इथे वेळ घाला. भार १०० अँपिअरने वाढला तर सहाही फेज एकदम चालू करून चोकमधला प्रवाह मायक्रोसेकंदाला २९५ अँपिअर या वेगाने चढवता येतो, कारण चोकवर १०.८ व्होल्ट मिळतात. म्हणजे साधारण एक तृतीयांश मायक्रोसेकंदात काम होते. भार सुटल्यावर मात्र चोकवर उलटे फक्त १.२ व्होल्ट असतात. प्रवाह मायक्रोसेकंदाला ३३ अँपिअरनेच उतरतो, १०० अँपिअर उतरायला तीन मायक्रोसेकंद लागतात, आणि तोवर चोक प्रवाह ढकलत राहतात. त्याला कॅपॅसिटरशिवाय दुसरी वाट नाही. कंट्रोलर कितीही वेगवान असो, हा वेग चोक आणि व्होल्टेज ठरवतात.

त्या तीन मायक्रोसेकंदांतला जादा चार्ज ½ × १०० × ३.०६ = १५३ मायक्रोकूलंब. कंट्रोलरला दखल घ्यायला अर्धा मायक्रोसेकंद धरला तर आणखी ५०. परवानगी किती? लोडलाइनमुळे ११० मिलीव्होल्ट वर यायचेच आहे, त्यावर ५० मिलीव्होल्ट उसळी चालवून घेऊ. एकूण १६०. तेव्हा लागणारी क्षमता २०३ ÷ ०.१६, म्हणजे जवळपास १३०० मायक्रोफॅरड.

५६० मायक्रोफॅरडचे तीन पॉलिमर लावले की झाले, असे वाटेल. होत नाही. त्यांचा अंतर्गत रोध प्रत्येकी ७ मिलीओहम धरला तर तिघांचा मिळून २.३ येतो, आणि १०० अँपिअरची उडी पडताच २३० मिलीव्होल्ट तिथेच गेले. लोडलाइन १.१ मिलीओहम आहे, तर कॅपॅसिटरच्या गटाचा रोध त्याच्या आत हवा. सात कॅपॅसिटरवर बरोबर १.० येतो, आठ लावा, ०.८८ मिळेल. क्षमता ४४८० मायक्रोफॅरड होते, गरजेच्या तिपटीहून जास्त, पण ती रोधापायी आलेली आहे. दुरुस्तीत ५६० च्या जागी ८२० लावून 'अपग्रेड' केला असे सांगणाऱ्याला नव्या भागाचा अंतर्गत रोध विचारा.

पहिल्या काही शेकडा नॅनोसेकंदांत हे पॉलिमरही पोहोचत नाहीत. त्यांच्या पायांचे आणि ट्रॅकचे इंडक्टन्स आड येते. त्यासाठी सॉकेटच्या मधल्या पोकळीत आणि बोर्डाच्या पाठीमागे २२ मायक्रोफॅरडचे अठरा ते चोवीस सिरॅमिक. इथे व्होल्टेज फक्त १.२ असल्याने ६.३ व्होल्टच्या भागाची क्षमता फारशी घटत नाही. यातला एखादा निखळला तर मशीन चालतच राहते. चार-पाच निखळले की भार बदलताना अधूनमधून निळी स्क्रीन येऊ लागते, आणि माणूस रॅम बदलत बसतो.

पॉलिमरच्या आयुष्याचा नियम सोपा: २० अंश कमी तापमानाला दहापट आयुष्य. १०५ अंशांवर २००० तासांचा भाग ८५ वर २०,००० तास देतो. जुन्या द्रवरूप इलेक्ट्रोलाइटच्या कॅपॅसिटरमध्ये १० अंशांना दुप्पट एवढेच होते.

कंट्रोलर आणि प्रवाहमापन

कंट्रोलरची पहिली अट भाषा. इंटेलचे प्रोसेसर एसव्हीआयडीवरून व्होल्टेज मागतात, एएमडीच्या एएम४ वर एसव्हीआय२ आणि एएम५ वर एसव्हीआय३ चालते. भाषा जुळत नसेल तर बाकीचे गुण निरर्थक. रेनेसास, इन्फिनिऑन, मोनोलिथिक पॉवर, रिचटेक यांच्याकडे योग्य भाग मिळतात. शक्य असेल तर कंट्रोलर आणि पॉवर स्टेज एकाच उत्पादकाच्या जोडणीतले घ्या, म्हणजे प्रवाहाचा आणि तापमानाचा सिग्नल जुळवायची कटकट राहत नाही.

प्रवाह मोजायच्या दोन पद्धती. चोकच्या रोधावर मोजायचे असेल तर त्याला समांतर रोध-कॅपॅसिटरची जोडी लावतात आणि तिचा काल चोकच्या कालाशी जुळवतात: ०.२२ मायक्रोहेन्री ÷ ०.२९ मिलीओहम = ७५९ मायक्रोसेकंद. ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घेतला तर रोध ३.४५ किलोओहम. न जुळल्यास भाराच्या उडीवर व्होल्टेज जास्त खाली जाऊन मग सावकाश जागेवर येते. स्कोपवर ही शेपटी लगेच ओळखू येते. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २५ वरून १०० अंशांवर २९ टक्के. ही चूक सुधारण्यासाठी एनटीसी (तापमानानुसार रोध बदलणारा घटक) लागतो आणि तो चोकला चिकटूनच हवा. दोन सेंटिमीटर लांब ठेवला तर गरम बोर्डावर लोडलाइन चुकते आणि संरक्षण वेळेआधी तोडते.

दुसरी पद्धत, पॉवर स्टेजच्या आतच मोजणे. बऱ्याच भागांत अँपिअरला ५ मायक्रोअँपिअर असा सिग्नल बाहेर येतो. नव्या डिझाइनला हीच घ्यावी.

तांबे आणि उन्हाळा

३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या एका चौरसाचा रोध अर्धा मिलीओहम. चौरस केवढाही असो, आकडा तोच. व्हीआरएमपासून सॉकेटपर्यंत एक चौरस अंतर धरले तर १५० अँपिअरवर एकाच थरात ११ वॅट जळतील. ७० मायक्रॉनचे चार थर समांतर दिले की १.४ वॅट. ज्या बोर्डाने तांब्यात कंजूषी केली, तिथे महागडे पॉवर स्टेज लावून उपयोग नाही. व्होल्टेज मोजणाऱ्या (सेन्सच्या) दोन रेषा सॉकेटमधूनच घ्या, एकमेकींना लागून न्या, आणि स्विच नोडखालून नेऊ नका.

आता उष्णता. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असतात. कूलर नसलेल्या खोलीत कॅबिनेटच्या आत सॉकेटजवळची हवा ६० धरावी लागते. फेज सतत १.९ वॅट टाकते, आणि चोकचा भाग वगळता पॉवर स्टेजमध्ये १.८. हीटसिंक नसताना वॅटमागे २० अंश वाढ धरली तर ३६ अंश. स्टेज ९६ वर. चालेल. क्षणिक भार लांबला, व्हिडिओ रेंडर तासभर चालला, की ३.२ वॅट, ६४ अंश वाढ, १२४ अंश. शेजारच्या पॉलिमरचे आयुष्य तिथेच आटते. पुण्यातल्या जानेवारीत पास झालेला बोर्ड विदर्भात मे महिन्यात अडखळतो तो यामुळे. लांबलेल्या भारावरही १०० अंशांच्या आत राहायचे, हे लक्ष्य ठेवून हीटसिंक लावा. थर्मल पॅड जेवढा पातळ बसेल तेवढा. चोक स्टेजपेक्षा उंच असतात, म्हणून हीटसिंकला पायरी हवी. पाण्याने थंड होणाऱ्या प्रोसेसरवर व्हीआरएमला पंख्याची हवा मिळत नाही, हेही धरा.

कोकणात आणि गोव्यात उन्हापेक्षा खारी दमट हवा त्रास देते. कनेक्टरच्या पिना आणि सेन्सच्या रेषा तिथे आधी खराब होतात.

पहिल्यांदा वीज देताना

प्रोसेसर न बसवता, प्रवाहमर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवलेल्या बेंच सप्लायने १२ व्होल्ट द्या. कंट्रोलरचे ठरवलेले बूट व्होल्टेज बाहेर येते का बघा. मग स्कोप. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टाका आणि टोकाशी स्प्रिंग लावा. लांब वायरीने मोजले तर खोटी झणझण दिसते आणि माणूस नको तिथे स्नबर चढवत बसतो. स्विच नोड पूर्ण बँडविड्थवर, बाहेरचा रिपल २० मेगाहर्ट्झवर. २५ व्होल्टच्या मॉस्फेटवर शिखर २४ दिसत असेल तर बूट रोध वाढवा, पुन्हा मोजा.

भाराची उडी तपासायला बाजारातला इलेक्ट्रॉनिक लोड पुरत नाही. त्याच्या वायरीच वेग मारतात. सॉकेटच्या पायांजवळ ०.१ ओहमचे दहा पृष्ठभागी रोध समांतर आणि २ मिलीओहमचा मॉस्फेट लावा. एकूण १२ मिलीओहम. व्होल्टेज घसरते हे धरून ९० अँपिअरच्या आसपास ओढले जाईल. मॉस्फेटला ५० मायक्रोसेकंदांचे पल्स द्या, शंभरात एक या प्रमाणात. सरासरी एक अँपिअरही होत नाही, म्हणून रोध तापत नाहीत. स्कोपवर घसरण, लोडलाइन आणि सुटतानाची उसळी तिन्ही एकाच चित्रात दिसतात. उसळी हिशेबापेक्षा जास्त असेल तर आधी सिरॅमिकची संख्या आणि जागा तपासा, कंट्रोलरची सेटिंग नंतर. शेवटी पूर्ण भारावर अर्धा तास, हीटसिंकखालच्या तापमानासह.

बंद पडलेल्या बोर्डावर

वीज देण्याआधी प्रोसेसर काढून ठेवा. यात घाई नको. वरचा मॉस्फेट शॉर्ट असेल तर १२ व्होल्ट चोकमधून थेट प्रोसेसरला जातात. संरक्षण अशा वेळी खालचा मॉस्फेट चालू करून सप्लाय बंद पडेल असे बघते, पण तोवर उशीर झालेला असू शकतो.

मल्टिमीटर ओहमवर. आठ पिनांच्या कनेक्टरचा १२ व्होल्ट ते ग्राउंड आणि १२ व्होल्ट ते चोक असे दोन्ही मोजा. दुसरा आकडा एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी आला तर कुठला तरी वरचा मॉस्फेट गेला. प्रोसेसरचे व्होल्टेज ते ग्राउंड हा रोध मात्र निरोगी बोर्डावरही खूप कमी असतो, आणि प्रोसेसर बसवलेला असेल तर एखादा ओहम दिसतो. तो शॉर्ट समजून चांगले मॉस्फेट उपटले जातात.

सगळ्या फेज चोकमधून एकत्र जोडलेल्या असल्याने दोषी कोण ते असे कळत नाही. चोकचे एक टोक सोल्डरवरून उचला, एकेक फेज सुटी करा आणि स्विच नोडपासून १२ व्होल्टपर्यंत व ग्राउंडपर्यंत मोजा. दोषी स्टेज सापडला की बोर्ड खालून १५० अंशांपर्यंत तापवून मगच हॉट एअर वापरा. इतके तांबे खाली असताना वरूनच झोत दिला तर पॅड उचकटतो. पॉलिमर कॅपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जातात, पण पॉवर स्टेज अधिकृत वितरकाकडूनच मागवा, आणि अगदी त्याच क्रमांकाचा. एक भाग वेगळ्या पिढीचा लावला तर त्याचा प्रवाह-सिग्नल बाकीच्या पाचांशी जुळत नाही. कंट्रोलर त्या फेजवर कमी किंवा जास्त भार टाकत राहतो. नवा स्टेज बसवल्यावर पूर्ण भारावर सहाही फेजचे तापमान एकेक करून नोंदवा. एखादी बाकीच्यांपेक्षा दहा अंशांनी वेगळी असेल तर बोर्ड ग्राहकाला देऊ नका. तिचा चोक, बूट कॅपॅसिटर आणि पीडब्ल्यूएमची रेषा पुन्हा तपासा.